दांडीवरचा चक

चक पहिल्यांदा निसटला तेव्हा दोघांनीही ते फारसं मनावर घेतलं नाही. धुरपता ड्रिल मशीनच्या मुठीवर भार देऊन उभी होती. लोखंडी पट्टीत भोक पाडणारं बिट खालच्या अंगाला निघायच्या बेतात आलं, पट्टीनं ते एकाएकी धरलं आणि कर्रकन आवाज होऊन बिट पकडून ठेवणारा अख्खा चक बिटासकट टेबलावर आदळला. वर मशीन रिकामीच फिरत राहिली. फिरत्या दांडीचं निमुळतं टोक उघडं पडलं.

"बंद कर! बटण बंद कर!" चिंधू वेल्डिंगचा चिमटा टाकून लगबगीनं आला. त्यानं चक उचलून पाहिला, बिट पाहिलं, मग धुरपताकडे पाहिलं. "मुठीले लोंबकळतं काऊन? बिट निघाच्या वक्ताले हात ढिला सोडा लागते. कितीक वर्षं झाली तुले मशीनवर?"

"ढिलाच सोडला होता," धुरपता म्हणाली.

"ढिला होता तं पडला कसा?"

ती पट्टी काढून बाजूला उभी राहिली. चिंधूनं फडक्यानं दांडीचं टोक पुसलं, त्यावरून अंगठा फिरवला, चक खालून वर लावला. चकचे तिन्ही दात चावीनं आत ओढून घेतले, म्हणजे ठोका त्यांच्यावर बसू नये. मग बाभळीच्या मोगरीनं खालून ठोका दिला. एक, आणि अंदाज घेऊन दुसरा.

"बसला," तो म्हणाला.

आंजीच्या बसस्टँडमागं त्यांचं टिनाचं शेड होतं. त्याला लागूनच राहायच्या दोन खोल्या. चिंधूच्या बापाचा नुसता भाता आणि ऐरण होती. धुरपता सून म्हणून आली ती भात्याचीच दोरी ओढायला बसली. पुढं चिंधूनं वेल्डिंग मशीन घेतली, आणि वर्ध्याकडची एक जुनी जिनिंग फॅक्टरी मोडीत निघाली तेव्हा तिथून ही ड्रिल मशीन बैलगाडीत घालून आणली. हिरव्या रंगाची, माणसापेक्षा उंच. गावच्या गोठ्यांतला तण काढायचा एकेक डवरा, वखर, पेरणीची तिफण तिच्या खालून गेलेली. मुलगी पिंकी लग्न होऊन कारंजाला गेली, त्याच्यानंतर धुरपताच मशीनवर उभी राहू लागली. चिंधू मापं घेई, वेल्डिंग करी, आणि चक बसवी. चक बसवणं त्याचंच काम. तो दांडीवर बसतो कसा, याचं नव्या माणसाला नवल वाटे. त्याला पेच नाही, खिळा नाही, पिन नाही. निमुळती दांडी आणि चकमधलं निमुळतं भोक, लोखंडाला लोखंड कोरडं भिडलं की बस. मधात तेलाचा नुसता वास राहिला तरी पकड जाते. म्हणून चिंधू आधी अंगठा फिरवी. "डोयाले दिसत नाई थे अंगठ्याले दिसते," असं तो गिऱ्हाइकाला सांगे, आणि गिऱ्हाईक मान डोलवी.

त्या साली मृग बरा पडला. पेरण्या साधल्या. आणि कपाशी दोन पानांवर आली न आली तोच पावसानं जी दडी मारली ती मारलीच. ऊन असं तापलं की शेडच्या टिनाखाली उभं राहवेना. कपाशी मान टाकून उभी आणि तण मात्र तिच्या वर निघालेलं. निंदायला बाया मिळेनात. ज्याला त्याला डवरा पाहिजे, आणि तो आजच पाहिजे. शेडच्या दारात मोडक्या डवऱ्यांची चवड लागली. त्यात मधुकररावांचं काम मोठं. त्यांनी लहान ट्रॅक्टर घेतला होता आणि त्याच्यामागं लावायला चार ओळींचा डवरा चिंधूकडं टाकला होता. पट्ट्याच पट्ट्या, आणि पट्टीगणिक भोकं.

आणि या घाईतच चक पुन्हा पडला. मग पुन्हा. एकदा तर मूठ वर घेताना, काही काम नसताना, नुसताच गळून पडला. पिकलं फळ पडावं तसा.

"दांडी घासली," चिंधूनं निदान केलं. तो वर्ध्याला जाऊन नवी दांडी घेऊन आला. नव्या दांडीवरूनही चक निसटला, तेव्हा त्यानं दुकानदाराला मनसोक्त शिव्या दिल्या. "आताचा मालच असा. चमकते नुसता."

धुरपताच्या डोक्यात मात्र दुसरंच काही फिरत होतं.

चारपाच दिवसांपूर्वी चिंधू हापशीवरून पाय धुऊन आला. ती दारात भांडी घासत होती. त्याची डावी चप्पल हापशीजवळच्या चिखलात रुतून राहिली होती आणि तो एका चपलेनं तसाच चालत शेडमध्ये शिरला. उन्हानं तापलेल्या गिट्टीवरून.

"अवो, चप्पल," ती म्हणाली.

त्यानं खाली पाहिलं. पायाकडं असं पाहिलं की जणू दुसऱ्याच कोणाचा पाय आपल्याखाली आला आहे. मग हसला. "ध्यान नव्हतं."

शुगर त्याला कित्येक वर्षांपासून होती. सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणायचा, बरं वाटलं की सोडायचा. तिथल्या डॉक्टरीणबाईनं पायाला जपा म्हणून सांगितलं होतं. हाताचं कोणी काही म्हटलं नव्हतं. पण त्या चपलेनंतर धुरपता त्याच्या हातांकडं पाहू लागली. शर्टाची गुंडी लावताना तो खाली मान घालून बोटांकडं बघे. बिडी पार बोटाशी येऊन विझे. ग्राइंडरवरून नुकतीच उतरलेली पट्टी त्यानं उघड्या हातानं उचलली आणि सावकाश नेऊन ठेवली. संध्याकाळी जेवताना तिला त्याच्या बोटांवर पाणी भरलेले फोड दिसले. तो त्याच बोटांनी भाकर कुस्करत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं चक बसवून "बसला" म्हटलं आणि तो बसस्टँडवर चहाला गेला. धुरपतानं पाचर घालून चक काढला. दांडीच्या टोकावरून स्वतःचं बोट फिरवलं. बोट चमकलं. काळसर, पातळ तेल. तिनं चकच्या आत बोट घातलं, तिथंही तेच. फडकं हातात घेऊन पाहिलं, तर फडकंच तेलकट. तो रोज तेलानं दांडी माखत होता आणि अंगठा फिरवून कोरडी समजत होता.

ती मशीनजवळच्या स्टुलावर बसली. बाहेर एसटीनं हॉर्न दिला. आता हे सांगायचं कसं, हा विचार तिनं पुष्कळ केला. तुमचा अंगठा मेला, असं कोणत्या तोंडानं म्हणावं? त्या अंगठ्यावर तर हे शेड उभं होतं. तिनं आपल्या जुन्या लुगड्याचा धुतलेला तुकडा घेतला, थोडं पेट्रोल लावून दांडी पुसली, वाऱ्यावर सुकू दिली, चकचं भोक पुसलं, दात आत ओढले आणि मोगरीनं ठोकून चक बसवला. त्या दिवशी तो पडला नाही.

मग रोजच. चिंधू चहाला गेला की ती चक काढी, पुसी, बसवी. तो यायच्या आत मोगरी जागेवर ठेवी. लुगड्याचा तुकडा कमरेला खोचून ठेवी. चक आता दिवसभर हलत नव्हता. भोकं भराभर पडत होती. चिंधूचा जीव हरखला.

"पाह्य, रुळली दांडी," तो म्हणाला. "नवीन होती. नवीन बैलासारखी. खांद्याले सवय व्हा लागते."

"हो," ती म्हणाली.

त्या दिवसांत तो खुशीत होता. गिऱ्हाइकांशी हसून बोले. जेवताना एकदा म्हणाला, "पिंकीले दिवाळीले आणू." धुरपताला बरं वाटे आणि त्या बरं वाटण्याचंच पुन्हा ओझं होई. कधी त्याला अंगठा दांडीवर फिरवताना ती पाहत असे. तो डोळे मिटून, जीव लावून फिरवी. तिला मान वळवून घ्यावी लागे.

मधुकरराव एका सकाळी लवकर आले. पिकाची काळजी लागलेला माणूस. रात्रीची झोप डोळ्यांत तशीच होती. धुरपताच्या मांडीवर चक होता आणि ती त्याच्या आतून फडकं फिरवत होती.

"चिंधूभाऊ कुठी गेले, वहिनी?"

"चहाले. येतच असतीन. बसा."

मधुकरराव बसले नाहीत. "चक काऊन काढला? काल सांजच्याले त माह्यासमोर बसवला होता त्यायनं."

"पुसून राह्यली होती," ती म्हणाली आणि घाईनं उठली. तिनं चक लावला, मोगरी उचलली, ठोका दिला. दुसरा ठोका द्यायला हात वर नेला तोच दारात चिंधू उभा दिसला. त्याच्या हातात पन्नीत बांधलेला चहा होता. तिच्यासाठी आणलेला. कधी नाही ते आणलेला. गरम पन्नी त्यानं तळहातावर तशीच धरली होती.

मधुकररावांना हसू आलं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. "चिंधूभाऊ, तुमच्या मांगं वहिनी तुमचं काम तपासून राह्यल्या. आता मिस्तरी कोणाले म्हणाचं आमी?"

चिंधू हसला नाही. त्यानं मोगरीकडं पाहिलं, मग लुगड्याच्या तुकड्याकडं.

"रोज करतं?"

धुरपतानं वर नेलेला हात खाली घेतला.

"मी इचारलं, रोज करतं काय?"

"हो."

"काऊन?"

परक्या माणसासमोर तिला बोलता येईना. "तेल राह्यते," ती खालमानेनं म्हणाली.

"कुठी राह्यते?"

"दांडीवर. तुमाले समजत नाई."

चिंधूनं चहाची पन्नी खिळ्याला अडकवली. पुढं येऊन पाचर मारून चक उतरवला, आपल्या फडक्यानं दांडी खसाखसा पुसली, पुन्हा पुसली, आणि अंगठा फिरवला. सावकाश, वरून खाली, गोल. "आता सांगा, मधुकरराव. तुमी तिसरे मानूस. लावा बोट. हाय तेल?"

मधुकरराव नाही-नाही म्हणत होते. चिंधूनं त्यांचं मनगट धरून बोट दांडीला लावलं. मधुकररावांनी बोट मागं घेऊन पाहिलं. मग त्यांनी ते बोट हळूच, कोणाला दिसू नये अशा बेतानं, पँटच्या मागच्या अंगाला पुसलं.

"तेवढं तं असतेच, चिंधूभाऊ," ते म्हणाले. "थोडंसंक."

चिंधूनं ते पुसणं पाहिलं होतं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मधुकरराव कामाचं विचारायचं विसरून, "येतो मंग" म्हणत निघून गेले.

"मशीनले हात लावाचा नाई," चिंधू म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "घरात जाय. भाकरी कर. माह्या दुकानात पाय ठेवाचा नाई आता."

"मी वाईटासाठी नाई केलं."

"मले लोकायसमोर नागवं करून राह्यली. आनखीन काय वाईट असते?"

पन्नीतला चहा खिळ्यालाच राहिला. संध्याकाळी त्यात मुंग्या लागलेल्या तिला दिसल्या, तेव्हा तिनं तो उंबऱ्याबाहेरूनच हात घालून काढला.

त्यानंतर तो एकटाच राबला. माप, वेल्डिंग, भोकं, सगळं एकट्यानं. धुरपता चुलीपुढं बसून ऐके. मशीनचा घरघराट, मग कर्रकन तो आवाज, मग धातू आदळल्याचा आवाज, मग त्याची शिवी, मग मोगरीचे ठोके. आता एक-दोन नाही. पाच, सहा, आठ. तो मोगरीनं चक कुटत होता. दोनदा ती उठून दारापर्यंत गेली. एकदा तिनं कोरडा धुतलेला कपडा घडी करून उंबऱ्यावर ठेवला आणि परत आली. थोड्या वेळानं पाहिलं तर तो कपडा त्यानं हातही न लावता पायानं अंगणात लोटला होता.

मधुकररावांचा डवरा पुरा करायचाच होता. आभाळ भरून येऊ लागलं होतं. पाऊस लागला की डवरणी थांबणार. त्या दुपारी ती कुटाराचं पोतं शेजारच्या गोठ्यात टाकून परत येत होती, तोच मशीन बंद झाल्याचं तिच्या लक्षात आलं. चिंधू अंगणातल्या माठाशी पाणी पीत उभा होता.

"झालं," तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो आपणहून बोलला. "आखरी भोक राह्यलं होतं. चक पडलाच बेटा. पण भोक झालं होतं."

शेडपासून माठापर्यंत जमिनीवर लाल ठसे होते. डवऱ्याला मारायचा लाल रंग सांडला असं तिला वाटलं, आणि रंग महाग म्हणून तिचा जीव आधी त्यासाठीच हळहळला. मग तिला दिसलं की रंगाचा डबा तर घराच्या ओट्यावर आहे, झाकणासकट. ठसे फक्त उजव्या पायाचे होते. प्रत्येक ठसा ओला होता.

"अवो," ती म्हणाली. "पाय."

"काय पाय?"

"पाय वर घ्या."

त्यानं खाली पाहिलं. चप्पल रक्तानं भरली होती. चकमधलं बिट अंगठ्याच्या मागं, वरून पावलात घुसून निघालं होतं, आणि चकच्या भारानं बाजूची दोन बोटं चेंदली होती. पडलेला चक त्यानं पायावरून उचलून टेबलावर ठेवला होता. तिथून तो चालत, पाणी प्यायला इथवर आला होता.

"कवा लागलं हे?" त्यानं तिलाच विचारलं.

धुरपतानं त्याला ओट्यावर बसवलं, चप्पल काढली, पाय मांडीवर घेऊन पाणी ओतलं. पाणी ओतताना तिचे दात आवळलेले होते. तो तिच्या हातांकडं पाहत होता, अगदी शांत. शेवटी तिलाच रडू फुटलं.

"कळलं नाई तुमाले? काईच कळलं नाई?"

"आवाज आयकू आला," तो म्हणाला. "पडल्याचा."

गावच्या दवाखान्यात पट्टी केली, सुई टोचली, आणि वर्ध्याला जा म्हणून सांगितलं. चिंधू गेला नाही. मधुकरराव डवरा घ्यायला आले. पाय पाहून ते चरकले. "चाला, माह्या गाडीत नेतो," असं दोनदा म्हणाले. चिंधू म्हणाला, "दुखतच नाई तं दवाखान्यात कायले?" मग पाऊस लागला. चांगला लागला. सगळं गाव शेतात होतं आणि चिंधू खाटेवर पाय टेकवून, दुखत नाही म्हणून बरा होत आहे असं सांगत बसला होता. पट्टी रोज धुरपताच बदली. एके दिवशी पट्टी सोडायच्या आधीच तिला वास आला. गोठ्यातलं एखादं वासरू मरून पडल्यावर येतो तसा. बोटं काळी पडली होती. तिनं त्याला काही विचारलं नाही. बसस्टँडवर जाऊन ऑटो बोलावला.

वर्ध्याच्या दवाखान्यात एका जवान डॉक्टरानं त्याला डोळे मिटायला लावले. हातात नायलॉनच्या दोऱ्यासारखं काहीतरी होतं, ते तो तळव्याला टोचून विचारी, "बाबा, लागलं काय?" "लागलं," चिंधू म्हणे. डॉक्टर दुसरीकडं टोची. "आता?" "लागलं." मग डॉक्टरानं हात मागं घेतला, दोरा हवेत धरला, आणि विचारलं, "आता?"

"लागलं," चिंधू डोळे मिटून म्हणाला.

डॉक्टरानं धुरपताकडं पाहिलं. तिनं भिंतीकडं पाहिलं. नवऱ्याचं खोटं पकडलं गेलं याची तिला लाज वाटली, आणि त्याला ते कळलं नाही याचं बरं.

आधी बोटं काढली. जखम वर सरकत राहिली. मग घोट्याच्या वरून पाय काढला. पिंकी कारंजाहून आली, बापाच्या उशाशी बसून रडली, आणि जाताना आईला व्हरांड्यात घेऊन गेली. "माय, मशीन इकून टाक. घेणारा हाय. तुह्या जवायाची टायरची दुकान हायवेवर आहे, मांगं खोली आहे. तुमी दोघंही चाला. त्या शेडात काय राह्यलं आता?"

"तुह्या बाबाले इचारतो," धुरपता म्हणाली.

तिनं विचारलं नाही. घरी आणल्यावर चिंधू भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. भेटायला येणाऱ्यांशी बोलेना. मशीन घ्यायला आलेल्या माणसाला धुरपतानं दारातूनच परत लावलं. "इकाची नाई," एवढंच म्हणाली. का, ते तिलाही धड सांगता आलं नसतं. कापूस वेचणीला आला होता, पुढं हरभऱ्याच्या पेरण्या होत्या, लोक मोडक्या तिफणी घेऊन यायचे, शेडच्या दारात थबकायचे, "चिंधूभाऊ नाई उठत काय?" म्हणून विचारायचे, आणि तिला मशीनपुढं पाहून काहीजण अवजार तसंच माघारी घेऊन जायचे. काही थांबायचे. वेल्डिंगसाठी ती देवळीच्या एका ओळखीच्या मिस्तरीला दिवसाआड बोलावू लागली. भोकं स्वतः पाडी. चक स्वतः बसवी.

एका सकाळी ती चक बसवत होती. खाट आता तिनं शेडकडच्या दाराशी सरकवली होती, उजेड यावा म्हणून. तिनं मोगरीनं दोन ठोके दिले.

"बसला नाई," खाटेवरून आवाज आला.

धुरपता दचकली. किती दिवसांनी तो कामाचं बोलला होता. "बसला. कोरडा पुसला होता."

"आवाज बोदा आला. आन इकडे."

दारात एक गिऱ्हाईक तिफणीचा फण घेऊन उभा होता, त्याच्यासमोर पुन्हा तोच तमाशा नको असं तिला वाटलं. पण तिनं पाचर मारली, चक उतरवला, वरची दांडीही मशीनमधून काढली आणि खाटेशी गेली. तिनं आधी आपलं बोट फिरवून पाहिलं होतं. बोट कोरडं होतं.

चिंधूनं दांडी दोन्ही तळव्यांत धरली. अंगठा वर आला आणि थांबला. मग त्यानं दांडी तोंडाजवळ नेली आणि तिचं निमुळतं टोक खालच्या ओठावर टेकवलं. हळूच फिरवलं. गिऱ्हाईक तोंड उघडं टाकून पाहत राहिला. चिंधूच्या दाढीचे पांढरे खुंट वाढले होते, ओठ सुकलेले होते. त्यानं डोळे मिटले होते.

"हाय," तो म्हणाला. "कायनं पुसलं?"

"पेट्रोल नव्हतं. डिझेलनं."

"डिझेल उडत नाई वं. चिपकून राह्यते." त्यानं ओठांवरून जीभ फिरवली आणि बाजूला थुंकला. "सोडा आहे घरात? गरम पाणी नं सोडा घे. धू. मंग उन्हात ठेव."

तिनं दांडी हातात घेतली. स्वतःच्या ओठाला लावून पाहिली. खरंच होतं, बोटाला लागत नव्हता असा एक पातळ, कडवट चिकटपणा तिथं होता.

तिनं सोड्याच्या पाण्यानं दांडी धुतली, चक धुतला, अंगणात उन्हात ठेवला. गिऱ्हाइकाला बसायला पोतं दिलं. सुकल्यावर दांडी पुन्हा चिंधूकडं नेली. त्यानं ओठाला लावली आणि मान हलवून परत दिली. मग ती चक बसवायला गेली. दात आत ओढले, मोगरी घेतली, ठोका दिला. खणखणीत आवाज झाला. तिनं खाटेकडं पाहिलं.

चिंधू तिच्याकडं पाहत नव्हता. गोधडीखाली जिथं त्याचा उजवा पाय असायला हवा होता, तिथं गोधडी सपाट पडली होती, आणि तो त्या सपाट जागेकडं बघत होता. चेहरा कसनुसा झाला होता.

"दुखते काय?" तिनं मोगरी हातातच घेऊन विचारलं.

"दुखत नाई." तो थांबला. बोलावं की नाही असं त्याला झालं होतं. "खाजवून राह्यलं."

"कुठी?"

"पायाले. त्या पायाले." त्यानं गिऱ्हाइकाकडं एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बोटायच्या मधात. जिता होता तवा काईच कळे नाई. आता रातदिस खाजवते. कोणाले सांगू?"

"मावशी, माहं होते काय?" गिऱ्हाईक म्हणाला. "शेतात मानसं थांबली आहेत."

"थांब जरा," धुरपता म्हणाली.

ती खाटेच्या पायथ्याशी जाऊन बसली. मोगरी खाली ठेवली. हाताला लोखंडाचा काळेपणा होता तो पदराला पुसला. मग तिनं त्या सपाट गोधडीवर, जिथं बोटं असावीत असा तिचा अंदाज होता तिथं, नखांनी सावकाश खाजवायला सुरुवात केली.

चिंधूनं डोळे मिटले.

"थोडं खाली," तो म्हणाला.